मेडिकलवाल्या भाऊंना खुलं पत्र

मेडिकलवाले भाऊ,

तुमचं किंवा तुमच्या दुकानाचं नाव या पत्रात घेणार नाही. एकट्याचं नाव घेतलं की बाकीचे निर्दोष ठरतात, आणि परंड्यापासून उमरग्यापर्यंत धाराशिव जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत तुमचे भाऊबंद पुष्कळ आहेत. काचेखाली ओळीनं मांडलेल्या मलमांच्या रंगीत ट्यूबा आणि मागच्या भिंतीवर फ्रेममध्ये लावलेला औषधविक्रीचा परवाना, एवढी खूण तुम्हाला स्वतःला ओळखायला पुरे.

आधी तुमचा सत्कार करायला हवा. सोलापूरच्या त्वचारोगतज्ज्ञांना जे ठरवण्यासाठी भिंगातून चेहरा पाहावा लागला, मुलीला वीस प्रश्न विचारावे लागले, घरातल्या सगळ्या ट्यूबा टेबलावर मांडून घ्याव्या लागल्या, ते तुम्ही काउंटरपलीकडून नुसतं बघून ठरवलंत. चिठ्ठी मागितली नाहीत. त्रास किती दिवसांचा, विचारलं नाहीत. "रात्री लावत जा, डाग बी जातील अन् गोरी बी होशील," एवढं सांगून ट्यूब हातात दिलीत. शाल-श्रीफळ मी जरूर आणलं असतं, पण त्या चेहऱ्याचं पुढं काय झालं हे आधी तुम्ही ऐकलं पाहिजे. मी त्या मुलीची मावशी आहे आणि हे पत्र रागानं लिहिते आहे.

मुलगी भूम तालुक्यातली. घरची खव्याची भट्टी. कुंथलगिरीच्या पेढ्याचं नाव सगळीकडं घेतलं जातं, पण त्या पेढ्यामागं तासन्‌तास धगीसमोर उभं राहून दूध आटवणारी माणसं असतात. ही त्यांतलीच. भट्टीवरून आली की गाल, नाक आणि हनुवटी तापायची. आधी ती धग तासाभरात उतरायची, मग उतरेनाशी झाली. गालांवर बारीक पुटकुळ्या आल्या. आजी म्हणाली ऊन बाधलं, शेजारीण म्हणाली पित्त उठलं, मैत्रिणीनं मुरुम ठरवले. रंग सावळा असल्यामुळं लाली स्पष्ट दिसत नव्हती. चेहरा काळवंडल्यासारखा दिसायचा आणि हात लावला तर गरम लागायचा. त्यातच पाहुणे बघायला येणार असल्याचा निरोप आला आणि तिला तुमचं दुकान आठवलं.

डॉक्टर ज्याला रोझेशिया म्हणतात तो हा आजार. चेहऱ्याच्या मधल्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या वाजवीपेक्षा जास्त आणि वारंवार फुलतात, आग होते, पुढं पुटकुळ्या येतात, काहींच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचतं. ऊन, धग, गरम चहा, तिखट, दारू, मनावरचा ताण, यांपैकी काहीही त्याला उठवू शकतं. आपल्या जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, बाया उन्हात रानात राबतात, कालवणात काळं तिखट सढळ हातानं पडतं. म्हणजे हा आजार उठायला इथं सगळी सोय आहे. तरीही तो ओळखला जात नाही, कारण त्याची ठरीव चित्रं गोऱ्या कातडीवरची आहेत. सावळ्या गालावर लाली तपकिरी किंवा जांभळट दिसते. म्हणून आपल्याकडं रंगाइतकंच विचारावं लागतं ते आगीबद्दल: धुतल्यावर झोंबतं का, काहीही लावलं तरी चुरचुरतं का? हे दोन प्रश्न विचारायला त्वचारोगतज्ज्ञ असावं लागत नाही. तुम्हीही विचारू शकला असता.

तुम्ही दिलेल्या ट्यूबमध्ये काय होतं, ते तुमच्यासमोरच छापलेलं होतं. एक तीव्र स्टेरॉइड, एक बुरशीनाशक, एक प्रतिजैविक. काउंटरवर याच घराण्यातली दुसरीही एक ट्यूब असते, तिच्यात स्टेरॉइडबरोबर हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असतं. तिचं मूळ १९७५ साली अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस यांनी प्रसिद्ध केलेल्या मिश्रणात आहे. ते मिश्रण चेहऱ्यावरच्या वांगासारख्या काळ्या डागांवर, डॉक्टरांच्या नजरेखाली, ठरावीक काळापुरतं वापरायचं औषध होतं. आपल्याकडं त्याची गोरं व्हायची क्रीम झाली, लग्नसराईत खपणारी.

स्टेरॉइडला मी शिव्या देत नाही. १९५२ साली सुल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोन कातडीवर लावून दाखवलं, तेव्हापासून इसब आणि सोरायसिसच्या कित्येक रुग्णांची तगमग या औषधानं शमली आहे. पण ते कुठं, किती तीव्रतेचं आणि किती दिवस, यावर सगळं अवलंबून असतं. १९६७ साली फेल्डमन आणि मायबाक यांनी मोजून दाखवलं की हाताच्या पुढच्या भागातून जेवढं हायड्रोकॉर्टिसोन शरीरात शिरतं, त्याच्या सहापट कपाळातून आणि तेरापट जबड्याच्या कोपऱ्यातून शिरतं. म्हणजे खाजेसाठी पायाला लावायचं मलम तोंडाला लावलं, तर तो पदार्थ एकच असला तरी मात्रा एकच राहत नाही. तुम्ही तर तीव्र गटातलंच मलम तोंडासाठी दिलंत.

पहिले पंधरा दिवस तुमचा शब्द खरा ठरला. स्टेरॉइडमुळं रक्तवाहिन्या आकसतात, दाह दबतो, रंग फिकट पडतो. मुलगी खूश, घरचे खूश. मग ट्यूब संपली आणि तीन दिवसांत चेहरा पेटला. पूर्वी नुसता गरम व्हायचा, आता भाजल्यासारखा झाला. ती पुन्हा तुमच्याकडं आली. तुम्ही पुन्हा तीच ट्यूब दिलीत, आणि आग पुन्हा थांबली. ट्यूब बंद केली की आग आणि लावली की आराम, या चक्रात ती महिनोन्‌महिने अडकली. गालांची कातडी इतकी पातळ झाली की आतल्या शिरांचं जाळं दिसू लागलं. जावळासारखी लव उगवली. पुटकुळ्यांत पू धरला. तिला वाटायचं, आपलीच कातडी वाईट. तिचा तो समज मला सगळ्यांत जास्त लागला, भाऊ.

भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला स्वतंत्र नाव दिलं आहे, स्टेरॉइडनं बिघडलेला चेहरा. त्यांच्या संघटनेला या गैरवापराविरुद्ध वेगळं कृतिदल उभारावं लागलं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या १२ केंद्रांत केलेल्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २९२६ रुग्ण तपासले गेले. त्यांतले ४३३ जण तोंडाला स्टेरॉइड लावत होते. त्या ४३३पैकी २५७ जणांना ते सुचवणारा माणूस डॉक्टर नव्हता. शेजारीण, मैत्रीण, पार्लरवाली आणि तुम्ही. दुष्परिणाम ३९२ जणांना झाले होते, म्हणजे दहांतल्या नऊ जणांना. हे आकडे दवाखान्यापर्यंत पोचलेल्यांचे आहेत. भूम-वाशीच्या वस्त्यांवरून मुलगी त्वचेच्या डॉक्टरपर्यंत पोचायची तर एक रोजगार बुडतो आणि एसटीचं तिकीट लागतं.

कायदा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ट्यूबवर लाल पट्टी आणि शेड्यूल एचची सूचना असते: नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय किरकोळ विक्री करू नये. पूर्वी लावायच्या औषधांना या नियमात पळवाट होती. २०१८च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं १४ स्टेरॉइडांची मलमं शेड्यूल एचखाली आणली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली आणि स्टेरॉइड, बुरशीनाशक, प्रतिजैविक अशी खिचडी असलेली काही मलमं त्यात गेली. तुम्ही म्हणाल, "ताई, गिऱ्हाईकच नाव घेऊन मागतं, मी नाही दिली तर पलीकडचा देतो." हे खरं आहे. कंपन्या असल्या ट्यूबा बनवून गल्ल्यापर्यंत पोचवतात, तेही खरं. आणि मुलीचा रंग बघून होकार-नकार कळवणारे पाहुणे, फोटो काढताना "पावडर लाव गं" म्हणणारी आई, यांचाही वाटा आहे. त्यात आमचं घरही आलं. पण ट्यूबवरची सूचना वाचता येणारा आणि वाचायची जबाबदारी घेऊन परवाना मिळवलेला माणूस या सगळ्या साखळीत एकच होता. राग तुमच्यावर निघतो तो म्हणून.

ट्यूब संपल्यावर पार्लरमध्ये डबीतली बिनलेबलची क्रीम मिळते, तिच्याबद्दलही बोललं पाहिजे. अकोल्यात एका कुटुंबातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा धागा गोरं करणाऱ्या क्रीममधल्या पाऱ्यापर्यंत गेला. २०२३च्या सुरुवातीला ही बातमी महाराष्ट्रभर छापून आली. ती क्रीमही ओळखीच्या ब्यूटिशियनकडूनच घेतलेली होती. आपल्या देशाच्या नियमानुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा नकळत मिसळला तरी दहा लाख भागांत एक भागापलीकडं असता कामा नये. डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता नाही, घटकांची यादी नाही, बॅच क्रमांक नाही, तर ती डबी फुकट मिळाली तरी घेऊ नये.

आता तुम्ही काय द्यायला हवं होतं ते सांगते. तुमचा धंदा बुडावा अशी माझी इच्छा नाही. योग्य वस्तू तुमच्याच कपाटात आहेत आणि बऱ्याचशा त्या ट्यूबपेक्षा स्वस्त आहेत.

चेहऱ्याच्या कातडीचा वरचा थर म्हणजे पेशी आणि त्यांना धरून ठेवणारी स्निग्ध द्रव्यं. आपल्या माळवदाच्या घरांवर पावसाळ्याआधी पांढरी माती टाकतात, तसा हा थर. माती वाहून गेली की घर गळायला लागतं. रोझेशियाच्या चेहऱ्यावर हा थर आधीच कमजोर असतो, स्टेरॉइड तो आणखी खरवडतं. अशा चेहऱ्याला आधी दुरुस्ती हवी, रंगकाम नको. म्हणून पहिली गोष्ट ग्लिसरीन, पण बाटलीतलं कोरं नव्हे, साध्या क्रीममध्ये मिसळलेलं. ते पाणी धरून ठेवतं. दुसरी सिरामाइड. कातडीत मुळात असतात तीच ही द्रव्यं, बाहेरून भर घालायची. तिसरी पांढरी पेट्रोलियम जेली, बिनवासाची. गरीब घरालाही परवडते आणि क्वचितच कुणाला झोंबते. भट्टीवर जाण्याआधी मात्र लावू नये, रात्री पातळ हातानं लावावी. डायमेथिकोन हा सिलिकोनचा प्रकार बहुतेक सौम्य क्रीममध्ये असतो, त्याला भिण्याचं कारण नाही. नियासिनामाइड कातडीला बळकटी देतं, पण बाजारात दहा टक्क्यांच्या बाटल्यांची चढाओढ आहे आणि तेवढ्यानं अशा चेहऱ्याची आग होऊ शकते. दोन ते पाच टक्के पुष्कळ झाले, तेही चेहरा थोडा शांत झाल्यावर.

सनस्क्रीन नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. अशा कातडीसाठी झिंक ऑक्साइड किंवा टायटेनियम डायऑक्साइड असलेलं घ्यावं, कारण कातडीत शोषल्या जाणाऱ्या रसायनांपेक्षा कातडीवर बसून राहणारे हे खनिज पदार्थ कमी झोंबतात. सावळ्या चेहऱ्यावर ते राखेसारखं पांढरट दिसतं आणि म्हणूनच मुली लावायचं सोडून देतात. त्यावर उपाय आहे, लोहाचे ऑक्साइड घातलेलं, कातडीच्या रंगाचं सनस्क्रीन. ते तुम्ही दुकानात ठेवा. आणि ज्या बाईला तेही परवडत नाही तिला सांगा की पदर पुढं ओढणं, सुती स्कार्फ बांधणं, दुपारी बारा ते तीन सावलीतलं काम धरणं, हेही औषधच आहे. आमच्या आज्या डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून रानात जायच्या, त्यात मर्यादेइतकाच उन्हाचा विचार होता.

काय लावू नये, ती यादी मोठी आहे, कारण आपल्याकडं लाल चेहऱ्यावर जो तो काहीतरी चोळतो. लिंबाचा रस चांगलाच आंबट, सामू (पीएच) दोनच्या आसपास, आणि कातडीचा स्वतःचा साडेचार ते साडेपाच; आकडा जितका लहान तितकं आम्ल तीव्र. लिंबू लावून उन्हात गेलं तर फोड येऊन काळे डाग पडतात. टूथपेस्ट, तुरटी, कापूर, पुदिन्याचा अर्क, निलगिरी, मेंथॉल, हे सगळं गार वाटतं म्हणून लावलं जातं. तो गारवा म्हणजे मज्जातंतूंना दिलेला चिमटा आहे, दाह त्यानं उतरत नाही. दाणेदार स्क्रब आणि अक्रोडाच्या सालीची पूड तर या चेहऱ्याला खरवडूनच काढते. पार्लरच्या ब्लीचमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया असतो. ग्लायकॉलिक आम्ल, जास्त टक्क्यांचं क जीवनसत्त्व, रेटिनॉल ही आज मोबाइलवर गाजणारी नावं निरोगी कातडीवर गुण देत असतीलही, पण धुमसणाऱ्या चेहऱ्यावर ती लांबच ठेवावीत. अल्कोहोल असलेला टोनर नको. सुगंध नको, मग तो गुलाबाचा असो की चंदनाचा. "आयुर्वेदिक" किंवा "नैसर्गिक" छापलेलं सौम्यच असतं असा नियम नाही. बिब्ब्याचं तेलही नैसर्गिक असतं आणि त्यानं अंगावर काय उठतं ते मराठवाड्यात कुणाला सांगायला नको.

साबणाचंही तसंच. साध्या साबणाचा सामू नऊ-दहापर्यंत जातो, म्हणजे तो अल्कधर्मी. आपली उस्मानाबादी शेळी नामांकित आहे, तिच्या दुधाचे साबणही निघाले आहेत, आणि जिल्ह्याच्या बायांना त्यातून चार पैसे मिळत असतील तर मला आनंदच आहे. पण दूध घातलं तरी साबण साबणच राहतो. आग होणाऱ्या चेहऱ्याला बिनवासाचं, फेस कमी येणारं, सोडियम लॉरिल सल्फेट नसलेलं क्लिंझर बरं. दिवसातून दोनदा, कोमट पाण्यानं, बोटांच्या पेरांनी धुवावं आणि टॉवेलनं न घासता टिपून घ्यावं. कपाळाला मळवट भरणाऱ्या तुळजाभवानीच्या भक्त बायांना एक विनंती. हळदीपासून केलेलं पिंजर आणि रासायनिक रंगांचं कुंकू यांत फरक आहे. दुसऱ्यानं कपाळ खाजतं आणि काळं पडतं, हे आपल्या देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवून ठेवलं आहे.

आणि एका वेळी एकच नवी गोष्ट. कानामागं किंवा हाताच्या आतल्या बाजूला काही दिवस लावून पाहायची, मग चेहऱ्यावर. घटकांच्या यादीत जे आधी लिहिलेलं ते जास्त प्रमाणात असतं, एवढं जरी तुम्ही गिऱ्हाइकाला शिकवलंत तरी मोठं काम होईल.

सौम्य क्रीमनं आजार बरा होत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. त्यासाठी मेट्रोनिडाझोल, आयव्हरमेक्टिन, अझेलेइक आम्ल, कधी पोटातून डॉक्सिसायक्लिन अशी औषधं आहेत आणि ती डॉक्टरनंच ठरवायची. यांतलं अझेलेइक आम्ल आपल्यासारख्या रंगाला विशेष उपयोगी, कारण ते पुटकुळ्याही कमी करतं आणि मागं राहणारे काळे डागही. गहू आणि सातूसारख्या धान्यांतही ते थोडं असतं. सुरुवातीला ते काहींना झोंबतं, म्हणून कमी मात्रेनं सुरू करतात.

माझी भाची आता बरी होते आहे. वेळ लागतो आहे. स्टेरॉइड एकदम तोडायचं की हळूहळू उतरवायचं, ते डॉक्टरांनी तिचा चेहरा पाहून ठरवलं, आणि तरीही मधले काही आठवडे तिनं ओल्या फडक्यावर काढले. भट्टीवर आता तिचा भाऊ उभा राहतो. बघायला येणाऱ्या पाहुण्यांना आम्ही सांगून टाकलं की मुलगी सावळी आहे आणि सावळीच राहणार आहे.

भाऊ, तुमच्याकडून मला माफी नको. तुमच्या दुकानात येणारी पुढची मुलगी चिठ्ठीशिवाय ती ट्यूब मागेल तेव्हा देऊ नका. तिला विचारा, आग होते का. होते म्हणाली तर साधी क्रीम आणि सनस्क्रीन द्या आणि दवाखान्याचा पत्ता सांगा. एवढं जमत नसेल तर परवाना भिंतीवरून उतरवा आणि किराणा सुरू करा.

आणि हे पत्र वाचणाऱ्या मुलींनो, तुमच्या उशाशी अशी ट्यूब असेल तर घाबरून आज रात्री एकदम बंद करू नका आणि उद्या नवी आणूही नका. धाराशिवला २०२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. लातूर, अंबाजोगाई आणि सोलापूरलाही आहे. केसपेपर काढा, त्वचेच्या डॉक्टरांना भेटा आणि जाताना ती ट्यूब फेकून न देता सोबत न्या. आत काय होतं, ते तिच्यावरच छापलेलं आहे.

तुमच्या गिऱ्हाइकाची मावशी